दार अडलंय, पत्रं आत आहेत

पावसाळ्यात कोकणातल्या जुन्या घरांची दारं फुगतात. काल रात्री सहज लागलेलं दार सकाळी जागचं हलत नाही. अशा वेळी घरातलं माणूस काय करतं? कडी पुरती निघाली आहे का बघतं, उंबऱ्याशी काही अडकलंय का बघतं, खांद्यानं थोडा जोर लावतं. अगदीच नाही जमलं तर सुताराला बोलावून कडेला रंधा मारून घेतं. दार उघडत नाही म्हणून घर पाडायला कुणी काढत नाही. पण हे साधं शहाणपण कॉम्प्युटरपुढे बसलं की आपल्याला सोडून जातं. तिथे दार अडलं की आपण थेट कुदळ शोधायला लागतो. त्या कुदळीचं आपल्याकडचं नाव आहे ‘फॉरमॅट’.

आज मी बोलणार आहे ते न उघडणाऱ्या ई-मेल प्रोग्रामविषयी. मराठी घेऊन बी. ए. झालेल्या, कविता लिहिणाऱ्या माणसानं या विषयावर बोलावं याचं कुणाला नवल वाटेल. पण माझ्या ओळखीतले लेखक, शिक्षक, ग्रंथपाल, लहान छापखान्यांचे मालक यांचे मला येणारे पुष्कळ फोन याच एका तक्रारीचे असतात. “अहो, मेल उघडतच नाही. चित्रावर क्लिक करतो, घड्याळ फिरतं आणि पुढे काही नाही.” मी या यंत्राचा जाणकार नाही. पण पंचवीस वर्षं त्याच्यावर पत्रं लिहितो-वाचतो आहे, आणि अडलेलं हे दार उघडायच्या काही रीती मला ठाऊक झाल्या आहेत.

कुणी म्हणेल, आता सगळं मोबाइलवर असतं, घरच्या कॉम्प्युटरवर मेलचा प्रोग्राम ठेवतो कोण? ठेवतात, पुष्कळ लोक ठेवतात. वकिलांच्या कचेऱ्या, हिशेब तपासनीस, शिक्षणसंस्थांची कार्यालयं, सहकारी पतपेढ्या, छोटे कारखाने इथे आउटलुक अजून रोजच्या कामात आहे. थंडरबर्ड वापरणारेही आहेत. शिवाय निवृत्त मंडळी आहेत. त्यांची वीस-बावीस वर्षांची पत्रं त्या एका प्रोग्राममध्ये बसली आहेत आणि ती दुसरीकडे कुठेही नाहीत.

ती दुसरीकडे का नाहीत, हे समजून घ्यायला जरा मागे जावं लागेल. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. टेलिफोनच्या तारेला मोडेम जोडायचा, त्याची ती किरकिर ऐकायची आणि जोडणी लागली की मिनिटागणिक पैसे मोजायचे. घरातला फोन तेवढा वेळ अडकलेला. म्हणून माणसं काय करत? जोडणी लावून पत्रं भराभर आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेत, जोडणी तोडत आणि मग निवांत वाचत. या उतरवून घेण्याच्या पद्धतीला ‘पॉप’ म्हणतात. ती नेमकी टपालपेटीसारखी आहे. पोस्टमननं पत्र घरात टाकलं की पोस्टात ते उरत नाही. तसं तुमच्याकडे उतरलं की कंपनीच्या मोठ्या कॉम्प्युटरवरून, म्हणजे सर्व्हरवरून, पत्र सहसा पुसलं जात असे. पुढे ‘आयमॅप’ नावाची दुसरी रीत रुळली. तिच्यात मूळ पत्र सर्व्हरवरच राहतं आणि आपल्याकडे असते ती त्याची नक्कल. तुमचं पत्र कोणत्या रीतीनं येतं, यावर तुमच्या दुखण्याची गंभीरता ठरते. आयमॅप असेल तर दार अडलं तरी पत्रं पोस्टात शिल्लक आहेत. पॉप असेल तर ती फक्त तुमच्या घरात आहेत.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते आजच्या बोलण्यातली सर्वांत महत्त्वाची. मेलचा प्रोग्राम वेगळा आणि तुमची पत्रं वेगळी. प्रोग्राम म्हणजे कपाट, पत्रं म्हणजे त्यातली बासनं. या दोघांच्या मध्ये एक तिसरी वस्तू असते, तिला ‘प्रोफाइल’ म्हणतात. तुमचा पत्ता कोणता, पत्रं कुठे ठेवली आहेत, कोणत्या सर्व्हरशी बोलायचं, याची ती चिठ्ठी. दार उघडत नाही तेव्हा बिघाड या तिघांपैकी कुठेतरी असतो. बहुतेक वेळा तो कपाटात किंवा चिठ्ठीत असतो, बासनात क्वचित. पण आपण घाबरतो ते बासनासाठी आणि मोडायला निघतो तेही बासनच. याला आपल्याकडे ‘आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी’ म्हणतात.

माझ्या परिचयाचे एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. आम्ही सगळे त्यांना सरच म्हणतो. लेकीच्या बाळंतपणासाठी त्यांच्या पत्नी सहा महिने परदेशी राहिल्या होत्या. बाई फारशा शिकलेल्या नव्हत्या, पण लेकीनं शिकवलं आणि त्या रोज दोन ओळी सरांना लिहू लागल्या. आज काय जेवलात, तुळशीला पाणी घातलंत का, नातवानं आज कूस बदलली. पुढे बाई गेल्या. ज्या कंपनीकडून सरांनी तेव्हा मेलचा पत्ता घेतला होता ती सेवाही बंद पडली. पत्रं राहिली ती सरांच्या कॉम्प्युटरमध्ये. एके दिवशी त्यांचा मेलचा प्रोग्राम उघडेना. दुरुस्तीला आलेल्या मुलानं पाच मिनिटं खटपट केली आणि तो म्हणाला, “काका, फॉरमॅट मारावा लागेल. नवीन विंडोज टाकतो, एकदम फास्ट होईल.”

सरांनी मला फोन केला तो परवानगी विचारायला नव्हे. फॉरमॅट म्हणजे काय, एवढाच त्यांचा प्रश्न होता. मी म्हटलं, “सर, त्याला तेवढं हातातलं काम थांबवायला सांगा, मी आलोच.” मुलगा भला होता. त्या दिवशी त्याला आणखी चार घरं करायची होती. आत काय आहे हे त्यानं विचारलं नव्हतं आणि सरांनी सांगितलं नव्हतं. आम्ही आधी पत्रांची फाइल शोधून पेन ड्राइव्हवर उतरवली. मग प्रोग्राम ‘सेफ मोड’मध्ये, म्हणजे कुठलीही जोड न लावता, उघडून पाहिला. तो उघडला! कुठल्याशा दुसऱ्या सॉफ्टवेअरनं स्वतःचं एक जोडकाम त्याला लावून ठेवलं होतं आणि तेच आडवं आलं होतं. ते काढलं. सगळं मिळून अर्धा तास लागला. फॉरमॅटनं दार उघडलं असतं यात शंका नाही. आत काही राहिलं नसतं, इतकंच.

तेव्हा क्रमानं काय करावं ते सांगतो. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या.

पहिलं म्हणजे पडद्यावर काय दिसतं ते वाचा आणि जसंच्या तसं लिहून ठेवा. इंग्रजी पाटी दिसली की आपण न वाचता ‘ओके’ दाबतो. डॉक्टरकडे जाऊन “दुखतंय” एवढंच म्हटलं तर तो तरी काय करणार? कुठे दुखतं ते ती पाटी सांगत असते. मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवला तरी चालेल. पाटी येत नसेल तर निदान एवढं पाहा, काहीच हालचाल होत नाही, की प्रोग्रामचं नाव दिसून ‘लोडिंग प्रोफाइल’वर तो अडकतो, की उघडून लगेच मिटतो. या तिन्ही तक्रारी वेगवेगळ्या आहेत.

प्रोग्राम उघडतो, जुनी पत्रं दिसतात, पण नवी येत नाहीत आणि पुन्हा पुन्हा पासवर्ड मागितला जातो, ही मात्र चौथी तक्रार. तिचा अडलेल्या दाराशी संबंध नाही. सेवा देणाऱ्या कंपन्यांनी नुसत्या पासवर्डवर जुन्या प्रोग्रामांना आत घेणं बंद केलं आहे. गुगलनं खासगी खात्यांसाठी ही सोय ३० मे २०२२ पासून काढून घेतली. तिथे प्रोग्राम नव्या आवृत्तीचा करून खातं पुन्हा जोडावं लागतं. दुरुस्तीची हत्यारं तिथे चालवू नका.

दुसरं, इंटरनेटचं पान उघडून, म्हणजे ब्राउझरमधून, तुमच्या मेलच्या खात्यात शिरून पाहा. तिथे पत्रं दिसली तर निम्मी काळजी मिटली. तातडीचं उत्तर तिथूनच पाठवा आणि मग शांतपणे दाराकडे वळा. घाईत केलेली दुरुस्ती ही नवी मोडतोड असते.

तिसरं, प्रोग्राम खरोखर बंद आहे का ते पाहा. पुष्कळदा तो आधीच चालू असतो, फक्त दिसत नसतो. काल बंद करताना अर्धवट बंद झालेला, पडद्यामागे तसाच बसलेला. आपण दुसऱ्यांदा हाक मारतो आणि आतला म्हणतो, मी आहेच की इथे. थंडरबर्ड तर तसं स्पष्ट सांगतो, की तो आधीच चालू आहे पण प्रतिसाद देत नाही. यावर उपाय असा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. ‘टास्क मॅनेजर’ उघडेल. चालू असलेल्या कामांच्या यादीत तुमच्या प्रोग्रामचं नाव शोधा, त्यावर क्लिक करा आणि ‘एंड टास्क’ म्हणा. मग प्रोग्राम पुन्हा उघडून पाहा.

त्यानंही जमलं नाही तर कॉम्प्युटर ‘रीस्टार्ट’ करा. इथे एक बारीक गोष्ट आहे. विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये ‘शट डाऊन’ केलं तरी यंत्र सगळं विसरत नाही. लवकर सुरू होता यावं म्हणून ते आतली काही अवस्था जपून ठेवतं. ‘रीस्टार्ट’ म्हटलं की मात्र पाटी कोरी करून नव्यानं सुरुवात होते. त्यामुळे “मी तीनदा बंद करून चालू केला” म्हणणाऱ्याचा कॉम्प्युटर खऱ्या अर्थानं एकदाही नव्यानं सुरू झालेला नसतो.

चौथं, डिस्कवर जागा आहे का ते बघा. लग्नाच्या व्हिडिओंनी सी ड्राइव्ह काठोकाठ भरलेला असतो. प्रोग्रामला उघडताना काही लिहून ठेवायचं असतं आणि त्याला पाय ठेवायला जागा नसते. मग तो मुकाट परत फिरतो. व्हिडिओ दुसरीकडे हलवा आणि पुन्हा प्रयत्न करा.

आता पाचवं, आणि इथून पुढे कुठलंही हत्यार उचलण्याआधी हे केलंच पाहिजे. पत्रांची नक्कल काढा. आउटलुकमध्ये पत्रं दोन प्रकारच्या फाइलींत असतात. एकीच्या नावाच्या शेवटी ‘पीएसटी’ असतं, दुसरीच्या ‘ओएसटी’. पीएसटी ही मूळ ठेव. आउटलुकच्या २०१० नंतरच्या आवृत्त्यांत ती बहुधा ‘डॉक्युमेंट्स’मधल्या ‘आउटलुक फाइल्स’ या फोल्डरमध्ये सापडते. ओएसटी ही सर्व्हरवरच्या पत्रांची नक्कल असते आणि ती पुन्हा तयार होऊ शकते. तरीही कोणतीच फाइल पुसू नका. पुसणं हा दुरुस्तीचा भाग नाही. थंडरबर्डचं सगळं बिऱ्हाड एकाच फोल्डरमध्ये असतं. विंडोजची कळ आणि ‘आर’ एकदम दाबून जी लहान चौकट उघडते तिच्यात पर्सेंटचं चिन्ह, ‘ॲपडेटा’ हा शब्द आणि पुन्हा पर्सेंटचं चिन्ह टाइप करा. मग ‘थंडरबर्ड’ आणि त्यात ‘प्रोफाइल्स’. हे आख्खं फोल्डर प्रोग्राम बंद असताना बाहेरच्या डिस्कवर उतरवा. नक्कल एकदा हाताशी आली की पुढच्या प्रयोगात हात थरथरत नाही.

सहावं म्हणजे सेफ मोड. सरांच्या घरी कामी आलेला तो हाच. आउटलुकसाठी कीबोर्डवरची कंट्रोल कळ दाबून धरा आणि तशीच धरून प्रोग्रामच्या चित्रावर क्लिक करा. ‘सेफ मोडमध्ये सुरू करू का’ असं तो विचारेल. ‘येस’ म्हणा. थंडरबर्डसाठी कंट्रोलऐवजी शिफ्ट दाबून धरायची. त्याच्याकडे या अवस्थेला हल्ली ‘ट्रबलशूट मोड’ म्हणतात. प्रोग्राम अशा रीतीनं उघडला तर चोर सापडलाच समजा. कुठलं तरी जोडकाम, म्हणजे ‘ॲड-इन’, दोषी आहे. आउटलुकमध्ये ‘फाइल’, मग ‘ऑप्शन्स’, मग ‘ॲड-इन्स’ इथे जा. खाली ‘कॉम ॲड-इन्स’ निवडून ‘गो’ म्हणा आणि सगळ्या खुणा काढून टाका. नंतर एकेक खूण परत लावत, दर वेळी प्रोग्राम बंद करून उघडत जा. ज्या खुणेनंतर तो अडेल ती कायमची काढा. हे काम कंटाळवाणं आहे, पण तांदूळ निवडण्याइतकंच सोपं आहे.

सातवं फक्त आउटलुकवाल्यांसाठी. ‘आउटलुकची खिडकी उघडता येत नाही’ अशा अर्थाची पाटी येत असेल, तर डाव्या बाजूच्या फोल्डरांच्या यादीची मांडणी ज्यात नोंदलेली असते ती लहानशी फाइल बिघडलेली असू शकते. विंडोज आणि ‘आर’ दाबून त्याच चौकटीत ‘आउटलुक डॉट ईएक्सई’, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला चिकटून ‘रीसेटनॅवपेन’ असं इंग्रजी अक्षरांत सलग टाइप करा. ती यादी नव्यानं मांडली जाते. पत्रांना धक्का लागत नाही. तुम्ही आवडीनं वर आणून ठेवलेली फोल्डरं तेवढी परत लावावी लागतात.

आठवं, बासनालाच वाळवी लागली असेल तर. आउटलुकबरोबर ‘स्कॅनपीएसटी’ नावाचं एक हत्यार येतं. आउटलुक बंद करून ते चालवायचं, त्याला पीएसटी फाइल दाखवायची आणि दुरुस्ती सुरू करण्यापूर्वी नक्कल काढण्याची खूण राहू द्यायची. फाइल मोठी असेल तर याला तासन्‌तास लागतात. अडकलं असं समजून मध्येच बंद करू नका.

या वाळवीचं एक कारण इतिहासात आहे. आउटलुक ९७ पासून आउटलुक २००२ पर्यंतच्या पीएसटी फाइलला २ जीबीची मर्यादा होती. फाइल तिथवर फुगली की ती उघडायची बंद होत असे. त्यावर मायक्रोसॉफ्टनं एक हत्यार दिलं होतं, पण ते फाइलीचा काही भाग छाटून तिला मर्यादेत आणायचं. म्हणजे थोडी पत्रं गमावून बाकीची वाचवायची. २००३ च्या आवृत्तीत फाइलीची रचना बदलली, मर्यादा २० जीबी झाली आणि २०१० पासून ५० जीबी. पण जुनी फाइल आपोआप नवी होत नाही. कुणाकडे त्या काळातली फाइल अजून तशीच असेल तर तिची पत्रं नव्या रचनेच्या फाइलीत हलवून घ्यावीत.

थंडरबर्डची तऱ्हा निराळी आहे. तो पत्रं साध्या मजकुराच्या रूपात एकामागून एक लिहून ठेवतो आणि प्रत्येक फोल्डरची अनुक्रमणिका वेगळ्या फाइलीत करतो. तिच्या नावाच्या शेवटी ‘एमएसएफ’ असतं. एखादं फोल्डर रिकामं दिसू लागलं किंवा प्रोग्राम त्यापाशी अडू लागला, तर बिघाड पुष्कळदा अनुक्रमणिकेत असतो. प्रोग्राम बंद करून ती एमएसएफ फाइल बाजूला काढली की थंडरबर्ड मूळ पत्रं वाचून नवी अनुक्रमणिका स्वतः तयार करतो. पुस्तकाची अनुक्रमणिका फाटली म्हणून पुस्तक हरवत नाही, तसंच हे. ‘आधीच चालू आहे’ ही तक्रार रीस्टार्टनंतरही उरली, तर प्रोफाइलच्या फोल्डरमधली ‘पेरेंट डॉट लॉक’ नावाची फाइल पाहा. ती कुलपाची खूण आहे. प्रोग्राम मध्येच कोसळला की कधी कधी कुलूप तसंच राहतं. प्रोग्राम नक्की बंद असल्याची खात्री करून ती काढली की झालं.

नववं म्हणजे नवी चिठ्ठी लिहून पाहणं. आउटलुकसाठी ‘कंट्रोल पॅनल’मध्ये ‘मेल’, तिथे ‘शो प्रोफाइल्स’ आणि ‘ॲड’. जुनं प्रोफाइल पुसू नका, शेजारी नवं करा. नव्यानं उघडलं तर बिघाड चिठ्ठीत होता हे कळलं. तुमची पीएसटी फाइल त्याला नंतर जोडता येते. आणि सगळ्यात शेवटी, दहावं, कपाटाचीच डागडुजी. विंडोजच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘ॲप्स’, तिथे ऑफिसचं नाव शोधून ‘मॉडिफाय’ म्हटलं की दुरुस्तीचे दोन पर्याय मिळतात. आधी झटपट दुरुस्ती आणि तिनं भागलं नाही तर इंटरनेटवरून होणारी पूर्ण दुरुस्ती.

एवढं करूनही कधी कधी दोष तुमच्या घरात नसतोच. १५ जुलै २०२० रोजी जगभरातल्या असंख्य लोकांचं आउटलुक उघडताक्षणी मिटू लागलं. टाळेबंदीचे दिवस होते, माणसं घरून काम करत होती. कित्येकांनी त्या दिवशी प्रोग्राम काढून पुन्हा टाकला, प्रोफाइलं नव्यानं केली. गडबड होती ती मायक्रोसॉफ्टच्या बाजूची. त्यांनी सुधारणा पाठवली आणि प्रोग्राम पुन्हा उघडू लागला. त्या वेळात ब्राउझरमधून मेल व्यवस्थित चालत होती. म्हणून काल चालणारं आज एकाएकी अडलं तर आधी शेजाऱ्याला, कचेरीतल्या सहकाऱ्याला विचारा, “तुमचंही अडलंय का?” वीज गेली की आपण आधी गॅलरीत येऊन समोरच्या इमारतीकडे बघतो ना, तसं.

आणि काही कपाटं आता बाजारातूनच गेली आहेत. आउटलुक एक्सप्रेस विंडोज एक्सपीबरोबर संपलं. विंडोज लाइव्ह मेलचा आधार १० जानेवारी २०१७ रोजी काढून घेतला गेला. विंडोजबरोबर येणाऱ्या ‘मेल’ या साध्या प्रोग्राममधून पत्रं पाठवण्या-घेण्याची सोय ३१ डिसेंबर २०२४ ला थांबली. यांपैकी एखादं वापरत असाल तर डागडुजीत वेळ घालवू नका. पत्रं काढून घ्या आणि नव्या घरी हलवा.

इथे एक धोक्याची सूचना. मेल उघडत नाही म्हणून घाबरलेला माणूस मोबाइलवर ‘कस्टमर केअर नंबर’ शोधतो. त्या शोधात भामट्यांचे नंबर पेरलेले असतात. पलीकडचा गोड बोलून तुमच्या कॉम्प्युटरचा ताबा देणारं ॲप टाकायला सांगतो, मग ओटीपी विचारतो आणि मेलसाठी गेलेला माणूस बँकेतले पैसे घालवून बसतो. कुणाही अनोळखी माणसाला असा ताबा देऊ नका. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता अधिक.

मी कवी आहे, म्हणून शेवटाकडे येताना पत्रांविषयी थोडं बोलतो. ‘युडोरा’ नावाचा एक मेलचा प्रोग्राम होता. १९८८ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नर यानं तो लिहिला. नाव दिलं युडोरा वेल्टी या कथालेखिकेचं. १९४१ सालच्या तिच्या एका कथेतली बाई घरच्यांशी भांडून पोस्टातच राहायला जाते. प्रोग्राम लिहिता लिहिता आपणही पोस्टातच राहायला आलो आहोत असं डॉर्नरला वाटलं, म्हणून हे नाव. युडोराची शेवटची आवृत्ती २००६ ची. पुढे तो वापरातून गेला. २०१८ साली कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमनं त्याचा मूळ आराखडा सर्वांसाठी खुला केला, म्हणजे तो वस्तुसंग्रहालयात जमा झाला. पण युडोरा पत्रं साध्या मजकुरात ठेवत असे. त्यामुळे ज्यांनी त्या फाइली जपल्या, त्यांना ती पत्रं आजही वाचता येतात. कपाट गेलं, बासनं राहिली.

आपल्या भाषेत जी. ए. कुलकर्णींची पत्रं पुस्तकरूपानं वाचायला मिळाली. ती मिळाली कारण ज्यांना ती आली होती त्यांनी ती कुठल्यातरी ट्रंकेत, फडताळात जपून ठेवली होती. कागदाला वाळवी लागते, शाई उडते, पण कागद डोळ्यांना दिसतो. घर आवरताना हाताला लागतो आणि माणूस खाली बसून वाचू लागतो. माझ्या पिढीच्या लिहिणाऱ्यांची अर्धी पत्रं निळ्या आंतर्देशीय कागदावर आहेत आणि अर्धी अशा एखाद्या फाइलीत. घर आवरताना ती हाताला लागत नाहीत. मुलगा नवा कॉम्प्युटर घेऊन येतो, जुना भंगारात जातो आणि त्याच्याबरोबर संपादकांचे नकार, मित्रांची भांडणं, पहिल्या कवितासंग्रहाची मुद्रितं, सगळं जातं. कुणी मुद्दाम जाळलेलं नसतं. आत काय आहे हे कुणी विचारलेलं नसतं.

म्हणून आज एवढंच करा. आपला मेलचा प्रोग्राम चांगला चालू असतानाच, आपली पत्रं कोणत्या फाइलीत, कोणत्या फोल्डरमध्ये आहेत ते शोधा. पॉप की आयमॅप, हे घरातल्या जाणत्या मुलाकडून समजून घ्या. प्रोग्राम बंद करून त्या फाइलीची नक्कल बाहेरच्या डिस्कवर उतरवा आणि ती डिस्क कॉम्प्युटरपासून वेगळी, कपाटात ठेवा. फाइलीचं नाव आणि जागा घरच्या डायरीच्या शेवटच्या पानावर, विम्याच्या पॉलिसी नंबराखाली, मराठीत लिहून ठेवा, म्हणजे तुमच्यामागे घरच्यांना ती शोधता येईल. महिन्यातून एकदा, वीजबिल भरण्याच्या दिवशी, नवी नक्कल काढा. आणि दुरुस्तीला आलेल्या मुलाला चहा देताना पहिलं वाक्य हेच सांगा, “बाळा, आत पत्रं आहेत. आधी ती बाहेर काढू, मग दाराचं बघू.”